कांतीशेठ आणि पुढची सीट

परवा दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात पुण्याकडची दोन तरुण माणसं आली. तोरणमाळला निघाली होती आणि वाटेत एकाच्या चष्म्याची काडी निखळली होती. बाहेर त्यांच्या गाडीच्या टपावर गुंडाळी केलेल्या रबरी फळ्या आणि वल्ही बांधलेली. मी स्क्रू बसवत होतो, तेवढ्यात एकानं विचारलं, "काका, शहाद्याच्या आसपास पॅडलबोर्ड, कयाक असलं काही करायला पाणी कुठं आहे?"

मी मान वर न करता सांगत सुटलो. "तापीवर दोन ठिकाणं, सारंगखेडा आणि प्रकाशा. सारंगखेड्याला पाणी झकास, पण काठाला गाळ. म्हसावदच्या पुढं दरा धरण, सकाळी वारा नसतो, पण काठाचे दगड सुटे आहेत. तोरणमाळचं तळं तुम्हाला सापडेलच, फक्त शेवाळाच्या अंगाला जाऊ नका. आणि अंगात रग असेल तर धडगाववरून खाली भुषाला नर्मदेचं पाणी. गोमाईत मात्र उतरू नका. ती आमच्या गावची नदी आहे, तिला आम्ही काय अवस्थेत ठेवलंय ते पाहुण्यांनी बघू नये."

"काका, तुम्ही स्वतः कयाकिंग करता?"

मी? मला पोहता येत नाही. बादलीतलं पाणीसुद्धा मी डोळे मिटून अंगावर घेतो. ही सगळी माहिती कांतीशेठची. ती पोरं निघताना माझ्या तोंडून त्यांचं वाक्यही निसटलं, "पाणी पाहू नका, काठ पाहा." पोरं तोंडदेखलं हसली आणि गेली. त्यांचं काही चुकलं नाही. या वाक्याचा अर्थ कळायला कांतीशेठबरोबर उन्हातान्हात जिल्हाभर फिरावं लागतं, आणि ते भाग्य, किंवा भोग म्हणा, फक्त माझ्या वाट्याला आला.

कांतीशेठचं दुकान माझ्या दुकानासमोर होतं. पाइप, मोटारी, फुटव्हॉल्व्ह, ठिबकच्या नळ्या. घराणं मूळ मारवाडातलं, जैन, पण शेठचा जन्म शहाद्याचा. गिऱ्हाइकाशी अहिराणी, घरात मारवाडी, बँकेत हिंदी, माझ्याशी मराठी-अहिराणीची भेळ आणि नुसतं शुद्ध मराठी फक्त शाळेच्या बक्षीस समारंभात, तेही प्रमुख पाहुणे असले तर. ठेंगणे, पोट थोडं पुढं, पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. ओळखीचं माणूस दिसलं की दोन्ही हात जोडून "जय जिनेंद्र" म्हणायचे. दोन्ही म्हणजे दोन्हीच. हातात पाइप असला तर पाइप खाली ठेवायचा, हात जोडायचे, मग पाइप उचलायचा. एकदा फोनवर व्याह्यांना जय जिनेंद्र करताना फोनच नाल्यात गेला. व्याही पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले असतील.

माल विकताना त्यांचा एक उपदेश ठरलेला होता. बोअरची पाणबुडी मोटार घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते थांबवायचे आणि म्हणायचे, "भाऊ, मोटर सोडाना पहिले, काढशी कसी ते ठरावी ले." म्हणजे दोरखंड बांध, मोटार वर खेचायचा तीन पायांचा घोडा कुठून आणशील ते बघून ठेव, मगच मोटार खाली सोड. समोरून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या दुकानात फ्रेम निवडणारी गिऱ्हाइकंही ते ऐकून हसायची. हे वाक्य लक्षात असू द्या.

शेठच्या पत्नी कमलाबाई. आम्ही सगळे भाभी म्हणायचो. बोलणं मोजकं, करणं पक्कं. पाणी उकळलेलं आणि तेही गाळून, जेवण सूर्यास्ताआधी. लहानपणी त्यांनी एका साध्वीजींकडून नेम घेतला होता की नदी, तळं, विहीर, कुठल्याही कच्च्या, न उकळलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, हातही लावायचा नाही. पाण्याच्या थेंबाथेंबात जीव असतात, ते आपल्या पायाखाली येऊ नयेत म्हणून. माहेरच्या गावात नदीही नव्हती आणि तळंही, त्यामुळे तिथं हा नेम पाळणं सोपं होतं. लग्न होऊन आल्या त्या नेमक्या तापीकाठी. गल्लीतल्या बाया पर्वणीला प्रकाशाच्या घाटावर जायच्या तेव्हा भाभीही जायच्या, पण सगळ्यांत वरच्या पायरीवर उभ्या राहायच्या. खाली बाया डुबक्या मारताहेत आणि वर भाभी सगळ्यांच्या चपला, पिशव्या, बांगड्या सांभाळताहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. त्यांना त्याचं वाईट वाटतं का, असा प्रश्न माझ्यासकट कुणाच्याही डोक्यात आला नाही.

तो आला कांतीशेठच्या, आणि आला बंगळूरला. मुलीकडे गेले असताना जावयानं त्यांना एका तलावावर नेलं. तिथं लोक फळीवर उभे राहून वल्हवत होते, काही लांबट प्लॅस्टिकच्या होड्यांत बसले होते. एका होडीत पुढं भाभींच्या वयाची एक बाई बसलेली आणि मागं तिचा नवरा. भाभी बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बैठ तो जाऊँ. पण पग भीजणो नहीं चाहिजे." बसेन म्हणे, पण पाय भिजता कामा नये.

शेठ मला हे सांगताना दर वेळी तिथं थांबायचे. "चष्मेवाले, चाळीस वर्षांत तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मी कायम चष्मेवाले.

मग महिन्याभरात ट्रान्सपोर्टच्या गोदामात एक लांबलचक नारिंगी वस्तू येऊन पडली. हमाल म्हणाला, "शेठ, हाई पानीनी टाकी शे का? आर्धीच दी धाडी त्यासनी." टाकी अर्धीच पाठवली असं त्याला वाटलं, पण ती दोन सीटची कयाक होती. सोबत मुलीनं हवा भरायची एक फळीही पाठवली होती. मागची सीट शेठची आणि पुढची भाभींची. आता फक्त एकच गोष्ट शोधायची होती. जिथून भाभी कोरड्या पायांनी होडीत बसतील असा काठ.

सांगायला सोपं आहे. पण तुम्ही कधी नीट पाहिलंय का, आपल्याकडच्या पाण्याला काठ कसला असतो? पाण्यापर्यंत जायचं म्हणजे चिखल, नाहीतर घसरडे दगड, नाहीतर पाण्यातच बुडालेल्या पायऱ्या. होडीत बसायचं म्हणजे आधी घोटाभर पाण्यात उतरायचं, हे सगळ्या जगानं गृहीत धरलेलं आहे. त्यात भाभींचे गुडघे गेलेले. शेठना नुकताच हृदयाला स्टेंट बसलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही. आणि भाभींनी मला बजावलं होतं, "आप साथ में जाओ, भाईसाब. ये सुनते नहीं." झालं. पोहता न येणारा मी या मोहिमेचा जीवरक्षक झालो.

शेठनी चौकशीची पद्धत शोधली ती त्यांच्याच धंद्याला शोभणारी. गावोगावचा शेतकरी मोटार घ्यायला आला की ते आधी मोटारीचं बोलायचे आणि मग हळूच विचारायचे, "तुमना गावना धरणले उतराले पायऱ्या शेत का? दगडना का मातीना?" एक म्हातारबा म्हणाला, "शेठ, मोटर काय पायऱ्या उतरी जास का?" मी इकडे काउंटरवर बसून हसत होतो.

पहिल्यांदा आम्ही सारंगखेड्याला गेलो. तापी काठोकाठ, पाण्यावर एक सुरकुती नाही. मी म्हटलं, "शेठ, काय पाणी आहे!" शेठ पाण्याकडे बघतच नव्हते. ते काठाच्या काळ्या गाळात काठी खुपसून बघत होते. "तुम्ही पानी पाह्यतस, चष्मेवाले. मी काठ पाह्यस." काठी निम्मी आत गेली. माझी डावी चप्पल त्या गाळात राहिली ती अजून तिथंच असेल.

दोन माणसांची होडी एकट्यानं चालवली की तिचं नाक वर उचललं जातं. म्हणून पुढच्या सीटवर वजन हवं. मी बसायला साफ नकार दिला. शेठनी हमालाकरवी दुकानातली एक जळकी पाणबुडी मोटार आणवली, पुढच्या सीटला बांधून घेतली आणि तिला लाइफ जॅकेट घातलं. मी म्हटलं, "शेठ, पाणबुडीला लाइफ जॅकेट?" ते गंभीरपणे म्हणाले, "बराबर तिन्हा वजननी शे. सवय व्हवाले पाहिजे." हे भाभींच्या वजनाबद्दल आहे, हे मी भाभींना शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हसावदचे लोक दरा धरणावर एक नारिंगी होडी, तिच्या मागच्या सीटवर पायजम्यातले शेठ आणि पुढच्या सीटवर जॅकेट घातलेली मोटार बघायला जमायचे. शेठ मोटारीशी बोलायचेसुद्धा. "देखो, बगळा देखो," असं.

दरा धरण त्यांना फार आवडलं. मागं सातपुड्याची रांग, खाली हिरवं पाणी. पण धरणाच्या भिंतीवरचे दगड सुटे निघाले आणि भाभींचे गुडघे ते उतरू शकले नसते. तोरणमाळच्या तळ्याला बसायची जागा बरी होती, पण तिथवर पोचायला सातपायरी घाट चढावा लागतो आणि भाभींना गाडीत वळणं लागली की उलट्या होतात. तोरणमाळला शेठनी ती हवेची फळी मात्र एकदा वापरली. गुडघ्यावर बसले, मग हळूहळू उभे राहिले. खरंच उभे राहिले. काठावर भेळ खाणाऱ्या कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. त्यात शेठच्या ओळखीचे नंदुरबारचे एक व्यापारी होते. त्यांनी हाक मारली, "शेठजी, जय जिनेंद्र!" पुढचं काय सांगायचं? शेठनी वल्हं सोडलं, दोन्ही हात जोडले आणि "जय" म्हणून झाल्यावर "जिनेंद्र" पाण्याखाली म्हटलं. जॅकेटनं त्यांना वर आणलं, तेव्हाही हात जोडलेलेच होते.

मला वाटायचं, हा माणूस हट्टी आहे, हौशी आहे, थोडा सर्किटही आहे. तो खरा कसा आहे हे मला भुषाला कळलं. धडगाव ओलांडून, तो जीवघेणा रस्ता उतरून आम्ही नर्मदेच्या पाण्यापाशी पोचलो. तिथं मोठ्या लाकडी बोटी लागतात. पाण्यापलीकडच्या पाड्यांवर, मणिबेलीकडच्या गावांत जायचं तर बोटच. आणि बोटीत चढायला काठावरून फळी टाकतात! माणसं, बकऱ्या, धान्याची पोती, सगळं फळीवरून कोरडं आत. शेठचा चेहरा उजळला. "मिळाला काठ. वळणांचं बघू," ते म्हणाले.

बोटवाले खेमादादा पावरा होते, घरात पावरी बोलणारे, आमच्याशी शाळेतलं मराठी. होडी बघून हसले. "बसा ना शेठ. फळी मी देतो. उद्या वहिनींना आणा." मग सहज हात लांबवून दाखवत म्हणाले, "त्या टेकडीच्या अंगाला जाऊ नका फक्त. तिथं खाली झाडं उभी आहेत, वल्हं अडकतं. आमच्या शेतातली महूची, तुमच्या मोहाची झाडं आहेत ती. घर त्याच्या जरा अलीकडे होतं."

शेठनी विचारलं, "खाली? पाण्याखाली?"

"हो. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गेलं." खेमादादांनी हे रोजच्यासारखं सांगितलं, त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं.

शेठनी जॅकेटचे बंद सोडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अहो, एवढ्या लांब आलोय, एक चक्कर तरी." ते म्हणाले, "नको. ज्यांचं घर खाली आहे त्यांच्या डोक्यावर मी हौस म्हणून फिरू?" खेमादादा म्हणाले, "शेठ, आम्ही रोज मासे मारतो इथं. पाणी आहे, वापरायचं." शेठ म्हणाले, "तुमनं शे, तुम्ही वापरा." मग ते खेमादादांच्या बाजूला बोटीच्या काठावर बसले आणि शेतात काय काय पिकायचं ते विचारत राहिले. ज्वारी, मोड नावाचं बारीक भरडधान्य, तूर, आणि महूच्या फुलांचा वास. शेठनी प्रत्येक पिकाचं पाणी विचारलं, जणू मोटार द्यायची होती. त्या दिवशी मला कांतीशेठ फार आवडले. परतीच्या वाटेवर मी त्यांच्यावर चिडायचं विसरूनच गेलो.

फळीची कल्पना मात्र त्यांनी तिथून उचलली. प्रकाशाला, घाटापासून थोड्या वरच्या अंगाला, त्यांनी माझ्याकडून दुकानातली जाड फळी काठावरून होडीत टाकवली आणि आधी मोटार उतरवून घेतली. पण बोट म्हणजे बोट आणि कयाक म्हणजे कयाक. फळीवर वजन पडताच होडी आडवी झाली आणि मोटार लाइफ जॅकेटसकट तापीत गेली. थोडे बुडबुडे आले. मी म्हटलं, "शेठ, भाभींच्या आधी मोटार बसवली हे बरं केलं." शेठ हसले नाहीत. काठावर बसून राहिले. "व्हवाव नही, चष्मेवाले," एवढंच म्हणाले. होणार नाही हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाईट वाटलं. एवढा सगळा खटाटोप एका बाईच्या एका वाक्यासाठी चालला होता, आणि त्या बाई घरी बसून हे होणार नाही असं मनाशी केव्हाच ठरवून बसल्या असणार.

तेवढ्यात जवळ जाळं विंचरत बसलेला एक मासेमार म्हणाला, "शेठ, काल्हदिन या नही आठे. पानी ई जाई. दार लाई ऱ्हायनात."

उद्या इथं येऊ नका म्हणे, पाणी येईल, दारं लावताहेत. त्या साली दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला होता. खालच्या बॅरेजची, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याची दारं उघडून पाणी सोडलं होतं, म्हणून नदी खाली गेलेली आणि वाळूचा उतार उघडा पडलेला. आता पाऊस थांबला होता, दारं पुन्हा लावणार होते. म्हणजे पाणी हळूहळू चढत जाणार आणि आम्ही बसलो होतो ती वाळू बुडणार. शेठनी मान वर केली. मासेमाराकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यांनी पाण्याकडे पहिल्यांदा बघितलं असेल.

"चष्मेवाले," ते म्हणाले, "ती पाण्यात जाऊ शकत नाही. पण पाणी तिच्याकडे येऊ शकतं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाभींना घेऊन तिथं पोचलो. कोरड्या वाळूवर, पाण्यापासून चांगलं लांब, नारिंगी कयाक ठेवली. माणसं बसलेली होडी ढकलत नेली तर ओल्या वाळूत रुतून कलंडली असती, म्हणून पाण्यानंच यायचं होतं. भाभी चपला काढून, कोरड्या पायांनी, शेठच्या आणि माझ्या आधारानं पुढच्या सीटवर बसल्या. अंगावर शेठचं लाइफ जॅकेट, डोक्यावर पदर, त्यावर छत्री. शेजारी उकळलेल्या पाण्याचा थर्मास. मागं शेठ वल्हं आडवं धरून. आणि समोर पाण्याचा पत्ता नाही.

तासभर दोघं तशीच वाळूत बसून होती. शेळ्या हाकणारी एक म्हातारी थांबली. "काय व शेठाणी, रेतीमां होडी कसाले चालाडी ऱ्हायनात?" भाभींनी तिला शांतपणे सांगितलं, "पानी आनेवाला है, माँजी." म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. बघ्यांची गर्दी वाढत गेली, कुणी शेंगा आणल्या. एक जण म्हणाला, "शेठ, हॉर्न वाजाडा!" शेठ प्रत्येकाला वल्हं खाली ठेवून जय जिनेंद्र करत होते. भाभी माळ ओढत होत्या. मला हसू येत होतं, पण मी पुन्हा पुन्हा पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन बघून येत होतो, कारण दारं आज लावली नाहीत तर ही दोघं आयुष्यभराची चेष्टा घेऊन घरी जाणार होती.

पण पाणी आलं. आधी वाळूवरची एक पातळ जीभ, मग दुसरी. होडीच्या नाकाला लागलं, बाजूनं सरकलं, मागं गेलं. शेठ जागेवरच थोडे हलले आणि होडी वाळूवरून सुटली. एक हलकासा हेलकावा बसला. भाभींनी छत्री मिटली आणि दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरल्या. शेठनी वल्हं मारलं. म्हातारी ओरडली, "चालनी व माय, चालनी!"

ती दोघं तापीवर बराच वेळ होती. मी काठावरून बघत होतो. भाभी डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या, एकदा मागं वळून शेठना काहीतरी म्हणाल्या. शेठचे खांदे हलत होते, हसून की रडून ते लांबून कळलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की उतरायचं कसं, याचा आम्ही कुणीच विचार केलेला नाही.

वाळू बुडाली होती. पाणी आता वेड्या बाभळींच्या काट्यांपर्यंत चढलं होतं. ज्यानं उभ्या तालुक्याला "काढशी कसी ते ठरावी ले" म्हणून सांगितलं, त्यानं आपली बायको पाण्यात सोडली होती आणि दोर बांधायचा विसरला होता. मी हातवारे केले, "घाटाकडे! घाटाकडे!" आणि गाडी काढून रस्त्यानं घाटावर गेलो. वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा होडी खालच्या पायऱ्यांना लागली होती. त्या पायऱ्या पाण्याखाली, हिरव्या शेवाळाच्या. दुपारची वेळ, घाटावर चिटपाखरू नाही. होडीची सीट इतकी खाली की भाभींच्या गुडघ्यांना तिथून उठून कोरडी पायरी गाठणं शक्यच नव्हतं.

शेठ पायजमा भिजवत पाण्यात उतरले होते. होडी पायरीला टेकवून ते वाकले आणि त्यांनी दोन्ही हात भाभींच्या खाली घातले. उचलणार होते.

मी वरून ओरडलो, "शेठ, नको! डॉक्टर काय म्हणाले? थांबा, मी येतो!" आणि पायऱ्या उतरायला लागलो. शेठनी ऐकलं नाही. त्यांनी दम भरला. त्यांच्या कपाळाची शीर मला तिथून दिसली.

भाभींनी त्यांचा हात बाजूला सारला. साडी घोट्यांवर घेतली. ओठ हलले, नवकार मंत्र म्हटला असावा. मग त्यांनी एक पाय होडीबाहेर काढला, मग दुसरा, आणि शेठच्या खांद्याला धरून तापीच्या पाण्यात उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा.

शेठ ओरडले, "ओ काँई करियो?" हे काय केलंस?

भाभी म्हणाल्या, "नेम टूट्यो तो पाछो जुड़ जासी. थे टूट्या तो?"

नेम मोडला तर पुन्हा जोडता येईल, तुम्ही मोडलात तर? एवढं म्हणून त्या शेठचा हात धरून पायऱ्या चढायला लागल्या. चढताना शेठच जास्त डगमगत होते. मी गाडीतून आणलेल्या भाभींच्या चपला शेठच्या हातात दिल्या, तर त्या छातीशी धरून ते वरच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. ज्या पायरीवर भाभी जन्मभर दुसऱ्यांच्या चपला सांभाळत उभ्या राहिल्या, ती हीच पायरी. भाभी पदरानं पाय पुसत म्हणाल्या, "अब चलो, सूरज ढळण लाग्यो." संध्याकाळचं जेवण चुकलं असतं.

पुढं त्या प्रायश्चित्त घ्यायला नंदुरबारला गेल्या. तिथं साध्वीजी मुक्कामी होत्या. मीच गाडी चालवत होतो. साध्वीजींनी एकच विचारलं, नेम चुकून मोडला की जाणून? भाभी म्हणाल्या, "जाणके." त्यांना आयंबिलं मिळाली, म्हणजे दिवसातून एकदा, तेल, तूप, मीठ, दूध, साखर यातलं काही नसलेलं उकडलेलं अन्न. जिलेबीशिवाय ज्यांचा दिवस उगवत नव्हता त्या कांतीशेठनी बायकोबरोबर तेवढीच आयंबिलं केली. दुकानात बसून ते माझ्या हातातल्या भज्यांकडे ज्या नजरेनं बघायचे, ती बघून मी भजी मागच्या खोलीत जाऊन खायला लागलो.

प्रायश्चित्त झाल्यावर भाभींनी नेम पुन्हा घेतला. तोच नेम, नदीतळ्याच्या पाण्याला अंग लावायचं नाही. पण या वेळी साध्वीजींकडून त्यात एक आगार ठेवून घेतला. आगार म्हणजे नेमातली सूट. धन्याला सावरायला पाण्यात हातपाय घालावा लागला, तर नेम मोडणार नाही.

हे शेठनी मला सांगितलं तेव्हा ते माझ्या दुकानात उभे होते आणि रिकाम्या फ्रेम डोळ्यांना लावून आरशात बघत होते. डोळे झाकायला दुसरं काही हाताशी नसावं.

त्या दोघांना पाण्यावर मी शेवटचं पाहिलं ते प्रकाशालाच. मकरसंक्रांत होऊन गेली होती, ऊन कोवळं होतं. मी कुणाच्या तरी दहाव्याला घाटावर गेलो होतो. नदीच्या मधोमध नारिंगी होडी. पुढं छत्री, मागं पायजमा. पुढच्या सीटवर मोटार नव्हती. भाभी घाटावरून कशा बसल्या आणि कशा उतरणार होत्या, मला माहीत नाही. मला न विचारता त्यांनी काहीतरी ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच आला.

मी हात वर करून हाक मारली, "शेठ!"

त्यांनी बघितलं. मला ओळखलं. आणि सवयीनं वल्हं सोडून दोन्ही हात जोडले.

वल्हं घसरून पाण्यात गेलं आणि होडीच्या कडेकडेनं पुढं वाहत निघालं. भाभींनी मागं वळूनही बघितलं नाही. छत्री डाव्या हातात घेतली, वाकल्या, उजवा हात मनगटापर्यंत तापीत घातला आणि वल्हं उचलून खांद्यावरून मागं दिलं. शेठचे हात अजून जोडलेलेच होते.